मदत हवी आहे: अशिलाला एचआयव्हीची लागण टाळायची प्रेपची गोळी परवडत नाही, फी न घेता लढायलोय, रस्ता कोणता धरू?

कोर्ट_गल्ली:
नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यात तालुका कोर्टाला प्रॅक्टिस आहे. माझी कामं म्हणजे वाटण्या, चेक बाऊन्स, अपघाताचे क्लेम, त्यामुळं हा विषय नेहमीचा नाही हे आधीच सांगतो.

एक ताई आल्यात, गाव-नाव सांगणार नाही. नवरा-बायको ऊसतोडीला जातात. नवरा एचआयव्ही पॉझिटिव्ह, ताई निगेटिव्ह. नवऱ्याची एआरटी (एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या रोजच्या गोळ्या) सरकारी सेंटरवरून फुकट चालू आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण दिवाळीच्या आगंमागं टोळी निघाली की पुढचे पाच-सहा महिने फडावर, गोळ्या संपल्या तरी मुकादम सोडत नाही कारण उचल घेतलेली असते, मग खंड पडतो. त्यात दोघांना लेकरू पाहिजे. समुपदेशक मॅडमनी ताईंना प्रेप सांगितलं, म्हणजे निगेटिव्ह माणसानं लागण होऊ नये म्हणून रोज घ्यायची टेनोफोविर-एमट्रिसिटाबिनची गोळी, आणि लगेच हेही सांगितलं की आमच्याकडं फुकटात नाही, मेडिकलवरून घ्या. मेडिकलवाल्यानं ३० गोळ्यांची बाटली काउंटरवर ठेवली. ताईंनी हातात घेऊन छापलेली किंमत बघितली, आकडा हजाराच्या पुढचा, आणि काही न बोलता परत सरकवली. वर दर तीन महिन्याला एचआयव्ही टेस्ट, मधूनमधून किडनीसाठी क्रिएटिनिन, ते वेगळंच.

मला कळत नाही ते असं की ही गोळी महाग पेटंटमुळं म्हणावी तर टेनोफोविरचं पेटंट आपल्याकडं २००९ मध्येच नाकारलेलं आहे, सिप्लाबरोबर पॉझिटिव्ह लोकांच्या संघटनांनीपण त्याला विरोध केला होता, आणि आज अर्ध्या जगाला हे औषध आपल्याच कंपन्या पुरवायलेत. मग आमच्या तालुक्यात का नाही? थेट हायकोर्टाच्या खंडपीठात पीआयएल (जनहित याचिका) टाकावी का आधी अर्ज-विनंत्या कराव्यात? आणि सगळ्यात मोठी भीती, ताईंचं नाव बाहेर फुटलं तर गावात राहणं अवघड होईल. कुणी असलं काम केलंय का?

बालाघाटी:
वकीलसाहेब सरकारी दवाखान्यात २८ दिवसांचा कोर्स असतो की, आमच्या भाच्याला दिला होता, तो वॉर्डबॉय आहे, सुई टोचली होती त्याला.

कोर्ट_गल्ली:
दादा ते पेप. संपर्क आल्यावर ७२ तासाच्या आत सुरू करायचं, जेवढं लवकर तेवढं चांगलं. हे प्रेप, आधीपासून घ्यायचं. फरक मलापण आत्ताच कळलाय.

जुना_बस्ता:
खंडपीठात बरीच वर्षं आहे म्हणून लिहितो. पीआयएल आत्ता नको. कोर्ट पहिला प्रश्न विचारतं, सरकारकडं मागितलं का आणि ते काय म्हणाले, आणि तुझ्याकडं तोंडी उत्तर सोडून काही नाही. आधी राज्य एड्स नियंत्रण संस्थेला लेखी निवेदन दे, पोच घे. सोबत आरटीआय (माहिती अधिकाराचा अर्ज) टाक, दहा रुपयाचं काम, पण तो तुझ्या नावानं टाक, ताईंच्या नाही. जिल्ह्यात प्रेप कुठल्या केंद्रात देतात, किती साठा आला, कुणाला द्यायचं याचा आदेश काय, एवढंच विचार. ३० दिवसात उत्तर यायला पाहिजे. नाही आलं तर तेही नंतर रिट याचिकेला जोडता येतं.

आता नावाचं. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा, लागू १० सप्टेंबर २०१८ पासून. त्यातली संरक्षित व्यक्तीची व्याख्या नीट वाच. फक्त पॉझिटिव्ह माणूस नाही, त्याच्यासोबत राहणाराही त्यात येतो, म्हणजे तुझ्या ताई निगेटिव्ह असूनही बसतात. आणि कलम ३४ खाली अर्ज केला की कोर्ट टोपणनावानं प्रकरण चालवू शकतं, इन कॅमेरा म्हणजे बंद दाराआड घेऊ शकतं, छापण्यावर बंदी घालू शकतं. आपल्याच हायकोर्टानं १९९७ मध्ये एमएक्स विरुद्ध झेडवाय मध्ये कायदा नसताना हे केलेलं आहे, नोकरी नाकारलेल्या मजुराचं प्रकरण होतं. अर्ज पहिल्याच दिवशी लाव, मागून लावशील तर बोर्डावर, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या यादीत, नाव आलेलं असेल.

अडचण पण ऐक. याच कायद्याच्या कलम १४ मध्ये तपासण्या आणि एआरटीचं नाव आहे, प्रतिबंधाच्या गोळीचं नाही. त्यामुळं तुला कलम १३ वर, प्रसार रोखायचे उपाय करण्याच्या जबाबदारीवर, आणि घटनेच्या कलम २१ वर, म्हणजे जगण्याच्या हक्कावर, उभं राहावं लागेल. सरकारी वकील म्हणणार हा धोरणाचा विषय. उत्तर तयार ठेव.

अजून एक, खर्च स्वतःच्या खिशातून कशाला? विधी सेवा कायद्याच्या कलम १२ खाली बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. खंडपीठाच्या विधी सेवा उपसमितीकडं अर्ज टाक, १५१०० वर फोन केला तरी सांगतात.

फिल्डवरची:
दादा मी या क्षेत्रात काम करते. कागदाच्या आधी एक विचारा, नवऱ्याचा शेवटचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) किती आहे? गोळ्या नियमित असतील आणि विषाणू सापडत नसेल तर शरीरसंबंधातून बायकोला लागण होत नाही, हे आता पक्कं आहे. म्हणजे ताईंची गोळी जेवढी महत्त्वाची तेवढंच नवऱ्याच्या गोळ्यांचा फडावरचा खंड टाळणं. सेंटरला आधी कळवलं तर एकदम दोन-तीन महिन्याच्या गोळ्या देतात, नाहीतर कारखान्याजवळच्या सेंटरला ट्रान्सफर करून घेता येतं. ते टोळी निघायच्या आत करा. पण म्हणून प्रेप सोडू नका, खंड पडतो हे तुम्हीच लिहिलंय. मूल पाहिजे असलं तरी ही गोळी चालते, तरी डॉक्टरांशी बोलून.

लातूर_एक्स्प्रेस:
सहा महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन आलंय ना? त्याचंच मागा की, फडावर बरं पडेल.

जुना_बस्ता:
लेनाकापाविर. अमेरिकेत जून २०२५ मध्ये मंजूर झालं, तिथं वर्षाला २८ हजार डॉलरच्या वर. डॉ. रेड्डीज आणि हेटेरोनं २०२७ पासून वर्षाला ४० डॉलरच्या आसपास देण्याचं जाहीर केलंय. आत्ता मागण्यात अर्थ नाही, पण निवेदनात एक ओळ टाकून ठेव.

कोर्ट_गल्ली:
सर, फिल्डवरच्या ताई, लई उपकार. व्हायरल लोडचा रिपोर्ट मागितलाय, वर्षभरापूर्वीचा निघाला, म्हणजे परत तपासणी आली. निवेदन आणि आरटीआय या आठवड्यात जातील. एक विचारायचं राहिलं, वकीलपत्रावर ताईंचं खरं नाव आणि अंगठा येणारच, मग कलम ३४ चा अर्ज दाखल करताना ते पाकीटबंद द्यायचं का फायलिंगलाच काही वेगळी पद्धत आहे? कुणाकडं जुन्या अर्जाचा नमुना असला तर नावं काळी करून पाठवा.