अनुभव धागा : आपलं काम शेवटी कुठे पोहोचतं?

१४ वर्षं मी पगारपत्रकं करतेय. मागे वाचलं, १९९७ साली एमी रेझनेस्की आणि सहकाऱ्यांनी कामाकडे बघायच्या तीन तऱ्हा मांडल्या: पोटापाण्याची नोकरी, चढायची शिडी आणि ध्यास. गंमत म्हणजे त्यांनी अभ्यासलेल्या २४ प्रशासकीय सहायकांत, म्हणजे साधारण एकच काम करणाऱ्यांत, तिन्ही तऱ्हांची माणसं निघाली. तुम्ही कुठल्या खान्यात? तत्त्वज्ञान नको, प्रसंग लिहा.

*

प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. आमच्याकडे माणूस येत नाही, नळी येते. बारकोड, मशीन, आकडा, पुढची नळी. एकदा एका नळीत पोटॅशियम भलतंच जास्त आलं. सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारा पातळ भाग, गुलाबी दिसत होता, म्हणजे रक्त काढताना पेशी फुटल्या असणार आणि आकडा खोटा. वॉर्डातला फोन कोणी उचलेना, म्हणून मीच गेले. खाटेवरच्या आजोबांनी निमूट हात पुढे केला. "परत? माझं काही चुकलं का?" कोपरापासून मनगटापर्यंत हात काळानिळा.

तेव्हापासून डॉक्टरांनी जादा तपासणी मागितली की आधी सकाळची शिल्लक नळी शोधते. पुरली, तर एक टोचणं वाचतं. हे काम मला कोणी सांगितलेलं नाही, कुठे मोजलंही जात नाही.

अ‍ॅडम ग्रँट यांचा २००७ चा प्रयोग पुढे कळला. विद्यापीठासाठी फोनवर देणग्या मागणाऱ्यांची शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी ५ मिनिटं गाठ घालून दिली. महिन्याभराने त्यांचा फोनवरचा वेळ दुपटीहून जास्त झाला होता. मला तर पाच मिनिटंही लागली नाहीत.

*

मी पहिल्या खान्यात, आणि मजेत. पाच वाजता संगणक बंद, मग तबला. सगळ्यांनाच नोकरीत अर्थ सापडायला हवा हे कोणी ठरवलं?

*

तबलावाल्यांशी सहमत, आणि एक सावधगिरी. मी सहा वर्षं एका संस्थेत मुलांना शिकवलं. "ही नोकरी नाही, व्रत आहे" असं कोणी म्हणालं की समजायचं, रविवार गेला! प्राणिसंग्रहालयात प्राण्यांची निगा राखणाऱ्यांवर बंडरसन आणि थॉम्पसन यांचा २००९ चा अभ्यास आहे. ज्यांना हे काम आपल्यासाठीच आहे असं वाटतं त्यांना त्यात अर्थ भरपूर मिळतो, पण कमी पगार आणि गैरसोयही तेच जास्त सोसतात. वाचताना आरशात बघितल्यासारखं झालं. संस्था सोडताना फार अपराधी वाटलं होतं. आता दुसरीकडे तेच शिकवते, पण सहाला घरी असते. मुलांचं काही अडलेलं नाही.

*

आमच्या साहेबांनी प्रशिक्षणात मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल सांगितला. नाझी छळछावणीतून जिवंत सुटलेल्या माणसाचा दाखला, कशासाठी? तर तिमाहीचं टार्गेट गाठण्यासाठी. दुःखातही अर्थ सापडू शकतो असं फ्रँकल म्हणतो ते टाळता न येणाऱ्या दुःखाबद्दल. टाळता येण्याजोगं असेल तर त्याचं कारण दूर करा, हेही तोच सांगतो. ती स्लाइड नेमकी गाळली होती.

*

११ महिने खपून लिहिलेलं सॉफ्टवेअर एका दुपारच्या बैठकीत गुंडाळलं. पगार पूर्ण मिळाला, कोणी बोललंही नाही. तरी पुढचे दोन महिने एक ओळ धड लिहिता येईना. आता काम हातात घेताना पहिला प्रश्न: हे वापरणार कोण? त्या माणसाशेजारी अर्धा दिवस बसल्याशिवाय सुरुवात करत नाही. सगळे वैतागतात.

*

(धागा काढणारी) माझा खाना अजून ठरलेला नाही. पण लॅबवाल्या ताईंचं वाचून काल एक केलं. एकाचा पगार खात्यात जमा न होता परत आला होता. एरवी मेल टाकून मोकळी झाले असते. काल उठून त्याच्या टेबलापाशी गेले. तो बराच वेळ चिडून बोलला, मी उभी राहून ऐकलं. मग दोघांनी मिळून खाते क्रमांक ताडून पाहिला. तीन आणि आठ यांची अदलाबदल माझ्याच हातून झाली होती.