विषय: रेडिओवरचा भावगीतांचा तास

मंडळी, सप्रेम नमस्कार.

जूनपासून न्यू जर्सीतल्या रेडिओवर रविवारी सकाळी अकराचा एक तास आपल्या मंडळाला मिळाला आहे. १९४० ते १९६० या काळातली मराठी गाणी लावायचं ठरलं आहे. वीस गाण्यांची यादी सोबत जोडली आहे. काका, तुम्ही सध्या पुण्यात आहात, जरा नजरेखालून घालाल का?

सचिव

---

ताई,

निवड छान आहे, पण वीस फार होतात. ही गाणी ७८ आरपीएमच्या तबकडीसाठी बांधलेली, एक बाजू जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांची. वीस लावलीत तर तास तिथेच संपतो. तेरा घ्या आणि प्रत्येक गाण्याआधी कवी, संगीतकार, गायक ही तिन्ही नावं सांगा. आकाशवाणीने आपल्या कानांना ती सवय लावली, इंटरनेटवर तर पहिल्यांदा कवीचंच नाव गळतं.

माझा खरा आग्रह गीतरामायणासाठी आहे. तुमच्या यादीतली त्यातली चारही गाणी बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या, आवाजातली आहेत. तो आवाज मला प्राणप्रिय आहे, पण त्यांच्या एकट्याच्या गायनात एक जण सगळी कथा सांगतो, कीर्तनकारासारखी. पुणे केंद्रावरून ऐकू आलं ते वेगळं होतं. तिथे ज्याचं दुःख त्याचाच आवाज: सीतेसाठी माणिक वर्मा, कौसल्येसाठी ललिता फडके. १ एप्रिल १९५५, रामनवमी, शुक्रवार, सकाळी पावणेनऊ. मग दर शुक्रवारी नवं गाणं, शनिवार-रविवारी तेच पुन्हा. बेत ५२ गाण्यांचा होता, त्या वर्षी अधिकमास आला म्हणून ५६ झाली. गदिमा लिहितायत आणि फडके चाल बांधतायत, आठवड्याला एक, वर्षभर!

आई तेव्हा चौदा वर्षांची होती. घरी रेडिओ नव्हता. सदाशिव पेठेतल्या शेजारच्या वाड्यात, जिन्यावर दप्तर मांडीवर घेऊन ती ऐकायची. काल तिला माणिकबाईंचं जुनं ध्वनिमुद्रण लावून दिलं. मागे खरखर आहे, तंबोरा पुसट ऐकू येतो. आई डोळे मिटून बसली आणि शेवटी एवढंच म्हणाली, "हीच आमची सीता."

तेव्हा मूळ ध्वनिमुद्रणंच लावा. खरखर राहू द्या, साफ करायला गेलात की आवाजाची धारही जाते. आणि गाणं मध्येच तोडून बोलू नका, हात जोडून सांगतो.

काका
(मुक्काम पुणे)

---

काका,

तेरा गाणी केली. बाबूजींचं एक ठेवलं, बाकी मूळ आवाजांतली घेऊ. ध्वनिमुद्रणं मला पाठवून द्या. तिन्ही नावं मी स्वतः सांगेन.

माणिकबाई शेवटी, बारा वाजायच्या आत. तेव्हा तुमच्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजत आलेले असतील. कार्यक्रम इंटरनेटवरही ऐकता येतो. आजी तोवर जाग्या असतात ना? नसल्या तर त्यांचं गाणं पहिलं घेते.