मदत हवी आहे: मंडळीच्या ग्रुपवरच्या प्रार्थना विनंत्या

सलाम सर्वांना. ऐरोलीतल्या आमच्या मंडळीचा (चर्चचा) व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सांभाळायचं काम पाळकसाहेबांनी माझ्याकडे दिलंय. उपासनेची वेळ, वचन, वाढदिवस, इथवर ठीक चालतं. गाडं अडतं ते प्रार्थना विनंत्यांपाशी.

मध्यंतरी एका ताईंच्या आजारपणासाठी प्रार्थना मागितली होती. तासाभरात कुणीतरी त्यांच्या बायोप्सीच्या रिपोर्टचा फोटोच टाकला, नाव-वय सगळं दिसत होतं. तो फिरत फिरत ठाण्याला त्यांच्या लेकीच्या सासरी पोचला, आणि लेकीला अजून काहीच सांगितलेलं नव्हतं! टाकणाऱ्याच्या मनात काळजीच होती, त्यामुळे रागावताही येत नाही.

'फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतील' अशी सेटिंग केली, तर एकट्या राहणाऱ्या आजीबाईंचं 'आमेन' बंद होतं, आणि त्यांना तेवढाच तर आधार. मेसेज 24 तासांत किंवा 7 दिवसांत आपोआप जातील असं करता येतं, पण स्क्रीनशॉटला कोण अडवणार? गुपित फोडणाऱ्याबद्दलचं बायबलमधलं वचन, नीतिसूत्रे 11:13, ग्रुपवर टाकलं, तर माणसं अंगावर ओढून घेतात (राजकारणाचे फॉरवर्ड थांबवताना हा अनुभव आलाय).

तुमच्या मंडळीत काय करता? विनंती आधी पाळकांकडे जाते का? आजाराचं नाव लिहिता की नुसतं 'एका बहिणीसाठी'? आणि आजारी माणसाला विचारायचं कुणी? नियम लिहून काढले असतील तर इथे टाका, रविवारी कमिटीपुढे ठेवायचे आहेत.