शब्दचर्चा : ‘मारियापूजा’ की ‘मारियाभक्ती’?

मुद्रितशोधक :
एका कॅथलिक चर्चच्या स्मरणिकेची प्रुफं तपासतोय. जानेवारीतल्या ख्रिस्ती ऐक्य सप्ताहात (१८ ते २५) तिचं प्रकाशन आहे आणि व्यासपीठावर प्रोटेस्टंट पाळकही असणार आहेत. एका लेखात ‘मारियापूजा’, ‘मारियाभक्ती’, ‘मारियेची उपासना’ आणि ‘मारियेची आराधना’ असे चार शब्द आलटून पालटून आलेत. लेखकाला पुनरुक्ती नको होती, एवढंच कारण. संपादक मंडळातले एक जण म्हणाले, राहू द्या, सगळ्यांचा अर्थ एकच. दुसरे म्हणाले, यातले तीन शब्द छापलेत तर पाहुणे चहा न घेता जातील. मी स्वतः ख्रिस्ती नाही. मला हे चारही समानार्थी वाटतात. काय ठेवू?

पापडीकर :
दुसऱ्यांचं ऐका. आराधना आणि उपासना आम्ही कॅथलिक देवापुरत्या राखून ठेवतो. ग्रीक-लॅटिन परंपरेत यासाठी वेगवेगळे शब्दच आहेत : देवाला ‘लात्रिया’, संतांना ‘दुलिया’ आणि मारियेला ‘हायपरदुलिया’, म्हणजे संतांहून जास्त मान, पण जातीनं तो मानच. इ.स. ७८७ च्या निकियाच्या दुसऱ्या परिषदेनं पवित्र चित्रांपुढं वाकणं आणि देवाची आराधना करणं यांत भेद केला, तो याच धर्तीवर.

एपिफानियस नावाचे सायप्रसचे बिशप होते, चौथ्या शतकातले. काही बायका मारियेच्या नावानं भाकरीसारखे गोळे अर्पण करतात असं त्यांच्या कानावर आलं आणि ते भडकले. मारियेचा मान राखा, पण आराधना पित्याची, पुत्राची आणि पवित्र आत्म्याची, असं त्यांनी लिहून ठेवलंय. म्हणजे हा वाद मार्टिन लूथरच्या अकराशे वर्षं आधी आमच्या घरातच झालेला आहे. ‘पूजा’ म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढं नैवेद्य येतो. तेव्हा पूजा काढाच. ‘भक्ती’ ठेवा.

नगरकर :
मी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा, म्हणजे तुमच्या व्यासपीठावरच्या पाहुण्यांपैकी समजा. (चहा घेऊनच जाईन.) माझ्या कानाला ‘भक्ती’सुद्धा टोचते. आम्ही भक्ती करतो ती देवाची. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला आपल्यापुढं वाकायला सांगतो, तेव्हा येशूचं उत्तर आहे की नमन आणि उपासना एकट्या परमेश्वराची. आमच्या मराठी बायबलात तिथं ‘नमन’ हाच शब्द आहे, आणि कॅथलिकांची प्रार्थना सुरू होते ‘नमो मारिया’नं! आता नमनालाच अडायचं का?

कोशप्रेमी :
नमनाला अडू नका, घडाभर तेल जाईल.

‘भक्ती’बद्दल मात्र नगरकरांशी सहमत नाही. हा शब्द मराठीत कधीच एकट्या देवाचा नव्हता. देशभक्ती, गुरुभक्ती, मातृपितृभक्ती हे सगळे चालतात आणि त्यानं कुणाचा देव बाटत नाही. विठोबा विटेवर उभा राहिला तो आईबापांची सेवा करणाऱ्या पुंडलिकासाठी. भक्त आईबापांचा, आणि देव त्यावर रागावला तर नाहीच, उलट थांबून राहिला. महाराष्ट्रात या शब्दाला एवढं मोठं पाठबळ असताना तो काटेकोरपणे देवापुरता करणं जमायचं नाही.

त्याहून मागं जायचं तर पाणिनी. त्याच्या ‘भक्तिः’ या सूत्राखाली पुढचे प्रत्यय येतात आणि टीकाकार उदाहरण देतात ‘आपूपिक’ : ज्याची अपूपावर, म्हणजे वड्या-घारग्यांवर, भक्ती आहे तो. वासुदेवाची भक्तीही त्याच प्रकरणात, दोनच सूत्रांपुढं. म्हणजे मूळ अर्थ ओढा, लळा, निष्ठा. (एपिफानियसच्या बायका आणि पाणिनीचे वडे हा योगायोग मला फार आवडला.)

मडगांवची :
सगळे नामांवरच भांडताय. क्रियापद बघा ना.

आमच्या गोव्यात घरोघर लदीन, म्हणजे हाक आणि प्रतिसाद अशी चालणारी लितानी, म्हणतात, खुरसापुढं (क्रुसापुढं) किंवा सायबिणीच्या, म्हणजे मारियेच्या, मूर्तीपुढं, अजूनही बऱ्याच ठिकाणी लॅटिनमध्ये. आज्यांना लॅटिन कळत नसे, पण प्रतिसाद तोंडपाठ. सुरुवातीला देवाची हाक असते, पिता, पुत्र, पवित्र आत्मा. तिथं सगळे म्हणतात ‘मिझेरेरे नोबिस’, आमच्यावर दया कर. मग मारियेची नावं सुरू होतात, एकामागून एक बिरुदं, आणि तिथं प्रतिसाद बदलतो : ‘ओरा प्रो नोबिस’, आमच्यासाठी प्रार्थना कर. शेवटी पुन्हा देवाच्या कोकराला, म्हणजे येशूला, हाक, की पुन्हा ‘मिझेरेरे’. पेटीवाला थकलेला असो, पोरं पेंगत असोत, ही अदलाबदल कुणी चुकवत नाही. पोपनं १५८७ मध्ये मान्यता दिलेल्या लोरेटोच्या लितानीची ही रचना आहे.

देवाकडं मागायचं ते ‘दे’, ‘कर’, ‘वाचव’. तिच्याकडं मागायचं ते ‘माग’. नाम पूजा असो की भक्ती, क्रियापद चुकलं की धर्मशास्त्र चुकलं. स्मरणिकेत कुठं ‘मारियामाते, आमच्या पापांची क्षमा कर’ असं छापून आलं असेल तर ते आधी शोधा. ‘पूजा’पेक्षा ते वाईट.

आणि हो, सायबीण. पोर्तुगीज लोक ‘आमची स्वामिनी’ म्हणत, त्याला कोकणीनं साहेबाचं स्त्रीलिंग काढलं. तिला ‘देवी’ कुणी केलं नाही. ते ज्यांनी टाळलं त्यांना भाषेचा कान होता.

मुद्रितशोधक :
शोधलं. एका कवितेत ‘तार आम्हां’ आहे. आता कवींना समजावणं आलं.

पापडीकर :
कवींना सोडून द्या. आमचे कवी ऐकत नाहीत, दुसऱ्या धर्मांचेही ऐकत नसतील. पण लेखाबाबत एक भक्कम आधार देतो. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत मारियेवर स्वतंत्र दस्तऐवज काढायचा की ख्रिस्तसभेवरच्या (चर्चवरच्या) दस्तऐवजात तिचं प्रकरण घालायचं, यावर २९ ऑक्टोबर १९६३ रोजी मतदान झालं. १,११४ विरुद्ध १,०७४. चाळीस मतांनी ठरलं की ती ख्रिस्तसभेच्या आत, आपल्यातलीच एक म्हणून, येणार. पुढच्या वर्षी २१ नोव्हेंबरला जाहीर झालेल्या दस्तऐवजाचं शेवटचं, आठवं प्रकरण ते हेच. त्यात प्रवचनकारांना स्पष्ट सांगितलंय की अतिशयोक्ती नको आणि कोतेपणाही नको, आणि आपल्या शब्दानं किंवा कृतीनं विभक्त झालेल्या बांधवांचा, म्हणजे कॅथलिक नसलेल्या ख्रिस्ती लोकांचा, गैरसमज होईल असं काही करू नका. म्हणजे तुम्ही ‘आराधना’ खोडताय ते पाहुण्यांच्या भिडेपोटी नाही, आमच्याच परिषदेच्या सांगण्यावरून.

नगरकर :
मडगांवच्या बाईंचा मुद्दा पटला, अर्धा. ‘माग’ हेच क्रियापद आहे हे मान्य. पण आमच्याकडं थट्टेनं याला ‘वशिला’ म्हणतात. तीमथ्याच्या पत्रात एकच मध्यस्थ सांगितलाय, ख्रिस्त. मग आणखी एक खिडकी कशाला?

मडगांवची :
तुम्ही आजारी पडलात की मंडळीला ‘प्रार्थना करा’ म्हणता ना? तो वशिला नाही?

नगरकर :
ती माणसं जिवंत आहेत, मला उत्तर देतात. जे देवाघरी गेले त्यांना हाक पोचते का आणि त्यांना हाक मारायची आज्ञा आहे का, हा खरा मतभेद आहे. तो शब्द बदलून मिटायचा नाही, आणि मिटल्याचा आव आणू नये. पण एक मान्य करतो : ‘तुम्ही मारियेला देव मानता’ हा आमच्या बाजूचा जुना आरोप ‘ओरा प्रो नोबिस’पुढं टिकत नाही.

शब्दाचंच बोलायचं तर आपली दोन मराठी बघा. लूकच्या पहिल्या अध्यायात देवदूत तिला हाक मारतो. आमच्या बायबलात ती ‘कृपा पावलेली स्त्री’ आहे, तुमच्या प्रार्थनेत ‘कृपापूर्णे’. पावलेली म्हणजे देणारा दुसरा आहे. पूर्ण म्हणजे साठा तिच्याकडं.

कोशप्रेमी :
यावर लूथरनं १५३० मध्ये भाषांतरावर लिहिलेल्या खुल्या पत्रात मजा केलीय. लॅटिनमधलं ‘कृपेनं भरलेली’ त्यानं जर्मनमध्ये घेतलं नाही. जर्मन माणसाला ते ऐकून बिअरनं भरलेलं पिंप नाहीतर पैशानं भरलेली थैली आठवेल, असं तो म्हणतो. देवदूत साध्या बोलीत ‘प्रिय मारिये’ असंच म्हणाला असता, असं त्याचं मत. गंमत अशी की कोकणी प्रार्थना ‘नमान मोरिये, कुर्पेन भरलेले’ आहे, म्हणजे अगदी तेच पिंप, आणि गोव्यात कुणाला बिअर आठवत नाही. भाषेनुसार कान बदलतो.

मूळ ग्रीक ‘केखारितोमेने’ हे कर्मणी धातुसाधित आहे : जिच्यावर कृपा करून झालेली आहे आणि त्याचा परिणाम टिकून आहे अशी. ‘पावलेली’ कर्मणीपणा पकडते, ‘पूर्णे’ परिणाम पकडते. दोन्ही अर्धी. आणि लूथर मारियेचा वैरी होता असं कुणाला वाटत असेल तर त्यानं १५२१ मध्ये तिच्या स्तोत्रावर भाष्य लिहिलंय, आदरानं लिहिलंय. ‘सर्व पिढ्या मला धन्य म्हणतील’ हे त्या स्तोत्रातलं वाक्य प्रोटेस्टंट बायबलातही आहेच की. ‘धन्य’ शब्दावर तुमचं एकमत आहे आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

मुद्रितशोधक :
आणखी तीन शब्द अडलेत. ‘देवमाता’, ‘निष्कलंक गर्भधारणा’ आणि ‘सहउद्धारिका’. तिन्ही एकाच पानावर.

कोशप्रेमी :
‘देवमाता’ला समास नडतो. आपल्या पुराणांत देवमाता म्हणजे अदिती, देवांची आई. म्हणून ख्रिस्ती मजकुरात ‘देवाची माता’ असं फोडून लिहिलेलं बरं. मूळ ग्रीक ‘थेओतोकोस’, देवाला जन्म देणारी. कॉन्स्टँटिनोपलचा बिशप नेस्तोरियस म्हणाला, ‘ख्रिस्ताला जन्म देणारी’ म्हणा. अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल यानं विरोध केला, आणि ४३१ मध्ये एफेससच्या परिषदेत नेस्तोरियस पडला. वाद वरवर मारियेच्या बिरुदाचा, आतून येशू कोण याचा. तो एकच आहे, देव आणि मनुष्य, म्हणून त्याची आई ती देवाची आई, असा तो तर्क. देव तिच्यापासून सुरू झाला असं कुणी म्हणत नाही.

ऐक्याच्या दृष्टीनं यातला सगळ्यात सुंदर भाग खूप पुढचा आहे. पूर्वेची असीरियन ख्रिस्तसभा तो शब्द कधीच वापरत नव्हती. (केरळात त्रिशूरला या परंपरेचे लोक आहेत.) ११ नोव्हेंबर १९९४ रोजी पोप दुसरे जॉन पॉल आणि त्या सभेचे प्रमुख (पॅट्रिआर्क) मार दिन्खा चौथे यांनी एका घोषणेवर सह्या केल्या. एक सभा ‘देवाची माता’ म्हणते, दुसरी ‘आमचा देव आणि तारणारा जो ख्रिस्त त्याची माता’ म्हणते. दोन्ही शब्दप्रयोग त्याच श्रद्धेचे आहेत आणि ज्यानं त्यानं आपला वापरावा, असं त्यात मान्य केलं. १५६३ वर्षांनी. कुणालाही आपला शब्द सोडावा लागला नाही. तुमच्या लेखकाला हा प्रसंग घालायला सांगा, निम्मं पान भरेल आणि पाहुण्यांशी बोलायला विषय मिळेल.

‘निष्कलंक गर्भधारणा’ : षष्ठीचा घोटाळा. ‘मारियेची गर्भधारणा’ वाचलं की तिनं येशूला गर्भात धारण केलं असाच अर्थ लागतो, आणि वर्तमानपत्रांत हटकून तसा छापला जातो. अभिप्रेत आहे उलटं : आपल्या आईच्या, अन्नेच्या, उदरात मारियाच आली तेव्हापासून तिला मूळ पापाचा, म्हणजे माणसाला जन्मतःच चिकटलेल्या पापाचा, डाग नव्हता. १८५४ मध्ये पोप नववे पायस यांनी जाहीर केलेला सिद्धांत हा. ‘निष्कलंक गर्भसंभव’ लिहा. त्यात संभवणारी ती आहे, धारण करणारी नाही. तारीखही मदतीला घ्या : सण ८ डिसेंबरला, तिचा जन्मदिन नऊ महिन्यांनी, ८ सप्टेंबरला, वांद्र्याच्या मोत माऊलीची जत्रा ज्याला लागून भरते तो.

पापडीकर :
त्याच जातीची आणखी एक चूक बघून घ्या. येशूचं ‘स्वर्गारोहण’, तो आपण होऊन चढला. मारियेचं ते नव्हे. तिला वर नेलं. तिथं ‘स्वर्गोन्नयन’ हवं, ‘नी’ धातूमुळं नेणारा वेगळा हे आपोआप येतं. १९५० चा सिद्धांत, सण १५ ऑगस्टला.

‘सहउद्धारिका’, म्हणजे ख्रिस्ताबरोबर उद्धार करणारी, काढून टाका, चर्चेशिवाय. व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत खात्यानं ४ नोव्हेंबर २०२५ च्या टिपणात हे बिरुद मारियेच्या सहकार्याचं वर्णन करायला नेहमीच अयोग्य ठरवलंय. कारण वाचण्यासारखं आहे : ज्या शब्दाचा अर्थ भरकटू नये म्हणून पुन्हा पुन्हा खुलासे करावे लागतात, तो श्रद्धेच्या कामाचा नाही. इतकं कोशकाराला शोभेलसं वाक्य रोमहून यावं याचं मला कौतुक वाटलं. काही मंडळी नाराज झाली, वर्षानुवर्षं त्या बिरुदासाठी अर्ज करत होती.

कोशप्रेमी :
मराठीत तर ते दुप्पट अयोग्य. लॅटिन ‘को-’ या उपसर्गाचा अर्थ ‘च्याबरोबर’ आहे, ‘च्या बरोबरीनं’ असेलच असं नाही. आपल्या ‘सह’चा भरवसा नाही : सहसंपादक संपादकाच्या हाताखाली, सहलेखक मात्र बरोबरीचा, मानधनही निम्मं निम्मं.

नगरकर :
हे टिपण आमच्या पाळकांनीही वाचावं असं आहे. आणि ‘मध्यस्थ’ हा शब्द तिच्यासाठी जपून वापरा. परिषदेच्या त्या प्रकरणात तो आहे हे मला ठाऊक आहे, पण ख्रिस्ताच्या एकट्या मध्यस्थीतून काही कमी होत नाही आणि तिच्यात भर पडत नाही, असा खुलासा तिथं लगेच जोडलाय. स्मरणिकेत तो खुलासा कुणी छापत नाही, बिरुद तेवढं छापतात. ‘रदबदली’ चालेल का? मराठी आहे, आणि रदबदली करणारा कधीच निर्णय देणारा नसतो.

मडगांवची :
कचेरीचा वास येतो, पण अर्थ चोख आहे. ‘आपल्यासाठी विनवणी करणारी’ लिहा, वास जाईल.

मुद्रितशोधक :
ठरवलं ते असं. शीर्षकात आणि मजकुरात ‘मारियाभक्ती’. उपासना-आराधना फक्त देवाच्या वाक्यांत. पूजा कुठंच नाही. ‘सहउद्धारिका’ गेली, ‘गर्भसंभव’ आणि ‘स्वर्गोन्नयन’ आले. कवितेत ‘तार आम्हां’च्या जागी ‘विनव देवा’ सुचवलंय. मात्रा जुळतात, कवी अजून घुटमळताहेत. शेवटचं : ‘मारिया’ की ‘मरीया’? दोन्ही आलेत.

पापडीकर :
आमच्या मजकुरात मारिया. बायबलमधला उतारा जिथून घेतलाय तिथं जसं छापलंय तसं राहू द्या, मरीया असेल तर मरीया. अवतरणात हात घालू नका.