कुराणाच्या संकलनासाठी हजरत झैद इब्न साबित यांचीच निवड का झाली?

वाचनयात्री (प्रश्न)

इस्लामच्या आरंभकाळाविषयी वाचताना एक शंका मनात घर करून राहिली आहे. सन 632-33 च्या सुमारास यमामाच्या लढाईत कुराण मुखोद्गत असलेले पुष्कळ सहाबी (पैगंबरांचे सहकारी) कामी आले. ज्यांच्याकडून कुराण शिकावे असे खुद्द पैगंबरांनी सांगितले होते ते सालिमही त्यांत होते. त्यानंतर उमर यांच्या आग्रहावरून खलिफा अबू बक्र यांनी संकलनाचा निर्णय घेतला. परंतु उबै इब्न काब आणि अब्दुल्ला इब्न मसूद यांच्यासारखे ज्येष्ठ जाणकार हयात असताना, हे काम मदिनेच्या अन्सारांपैकी (पैगंबरांना साथ देणाऱ्या तिथल्या रहिवाशांपैकी) जेमतेम बाविशीतल्या झैद यांच्याकडे का सोपवले गेले? जाणकारांनी कृपया सांगावे.

शाईदौत

याचे उत्तर खुद्द झैद यांच्याच कथनात आले आहे. अबू बक्र त्यांना म्हणाले, की तू तरुण आहेस, बुद्धिमान आहेस, तुझ्याविषयी आमच्या मनात कसलाही संशय नाही आणि पैगंबरांसाठी तू वह्य (ईश्वरी संदेश) लिहून घेत होतास. माझ्या मते यातले शेवटचे कारण सर्वांत वजनदार आहे. पाठांतर अनेकांचे होते. पण मदिनेत पैगंबरांच्या सान्निध्यात राहून, बोलावणे येताच दौत घेऊन हजर होणाऱ्या लेखनिकाला मजकूर कशावर आणि कसा उतरवला गेला याची जी प्रत्यक्ष माहिती असते, ती केवळ पाठांतराने येत नाही.

त्यांची जडणघडणही तशीच झाली होती. वडील हिजरतीपूर्वीच (पैगंबरांच्या मदिनेतील स्थलांतरापूर्वीच) तिथल्या टोळ्यांमधील बुआसच्या यादवीत मारले गेले. पैगंबर मदिनेत आले तेव्हा झैद अकरा वर्षांचे होते आणि लहान वयामुळे त्यांना बद्रच्या लढाईत घेतले गेले नाही. पुढे यहुद्यांशी होणारा पत्रव्यवहार विश्वासाच्या माणसाकडे असावा म्हणून पैगंबरांनी त्यांना यहुद्यांची लिपी शिकायला सांगितले आणि ती त्यांनी अल्पावधीतच आत्मसात केली.

मला विशेष मोलाची वाटते ती त्यांची कामाची पद्धत. पैगंबरांनी जे स्वतः केले नाही ते आपण कसे करावे, हा प्रश्न सुरुवातीला त्यांनीही उपस्थित केला होता आणि एखादा डोंगर हलवायला सांगितला असता तरी तो इतका जड वाटला नसता, असे त्यांनी म्हटले आहे. एकदा जबाबदारी स्वीकारल्यावर मात्र त्यांनी खजुराच्या झावळ्यांचे दांडे, पांढरे चपटे दगड आणि लोकांची स्मृती, असे सर्व धुंडाळले. अल-अहजाब या सूरेतील (अध्यायातील) एक आयत (वचन) त्यांनी पैगंबरांच्या तोंडून अनेकदा ऐकली होती, तरीही शोध घेऊन ती खुजैमा अन्सारी यांच्याकडे सापडल्यावरच त्यांनी ती सूरेत जागेवर घातली. स्वतःला पाठ असलेल्या ओळीसाठीही दुसऱ्याचा पुरावा शोधणारा माणूस या कामावर होता, हे मला त्या निवडीचे सर्वांत मोठे समर्थन वाटते.

दख्खनवासी

वरील विवेचन मला मान्य आहे. मात्र या निवडीविषयी सगळेच समाधानी नव्हते, हेही नोंदवायला हवे. सन 650 च्या सुमारास आर्मेनिया आणि अझरबैजानच्या मोहिमेवर सैनिकांमधील पठणभेद पाहून हुजैफा हे सहाबी अस्वस्थ झाले आणि त्यांनी खलिफा उस्मान यांना सावध केले. तेव्हा उमर यांच्या कन्या हफ्सा यांच्याकडे जपलेली त्या पहिल्या संकलनाची पाने मागवून घेण्यात आली आणि झैद यांच्याबरोबर कुरैशांपैकी (पैगंबरांच्या मक्केतील टोळीपैकी) तिघांना प्रती तयार करण्यास बसवले गेले. मतभेद झाल्यास कुरैशांच्या बोलीप्रमाणे लिहावे, असा आदेश होता. इराकमधील कूफ्यात इब्न मसूद यांनी याला हरकत घेतली. झैद मुलांबरोबर खेळत होते तेव्हा आपण पैगंबरांच्या मुखातून सत्तर सूरा शिकलो होतो, असे ते म्हणाल्याचे कथन आहे. त्यांच्या ज्येष्ठतेचा विचार करता ही व्यथा समजण्यासारखी आहे. परंतु अबू बक्र यांच्या काळातील संकलन ज्याच्या हातून झाले, त्याच्याकडेच उस्मान पुन्हा वळले, हेही स्वाभाविक होते.

वाचनयात्री

दोघांचेही मनःपूर्वक आभार. संकलनाखेरीज झैद यांचे आणखी कोणते कार्य आजवर टिकून आहे का?

किनारपट्टी

आहे, आणि ते वारसाहक्काच्या शास्त्रात आहे. उम्मतीत (मुस्लिम समाजात) वारसाहक्काचे सर्वाधिक ज्ञान झैद यांना आहे, असे पैगंबरांचे वचन सांगितले जाते आणि सन 665 च्या सुमारास त्यांचे निधन होईपर्यंत मदिनेत या विषयात त्यांचा शब्द प्रमाण मानला जाई. सर्वांत गाजलेला प्रश्न असा, की मृताचे वडील हयात नाहीत, पण आजोबा आणि भाऊ आहेत, तर वाटणी कशी करावी? अबू बक्र यांच्या मते आजोबा वडिलांच्या जागी येतात आणि त्यामुळे भावांना काही मिळत नाही; झैद यांच्या मते सख्ख्या भावांना आणि एकाच पित्याच्या सावत्र भावांना आजोबांबरोबर वाटा मिळतो. इमाम अबू हनीफा यांनी पहिले मत स्वीकारले, तर इमाम शाफई यांनी वारसाहक्काच्या बाबतीत झैद यांचाच मार्ग धरला. आपल्याकडे कोकणी मुसलमान परंपरेने शाफई (इमाम शाफई यांचा पंथ मानणारे) आहेत आणि घाटावरील बहुसंख्य मुसलमान हनफी (अबू हनीफा यांचा पंथ मानणारे). त्यामुळे हाच प्रश्न रत्नागिरीत आणि सोलापुरात विचारला, तर दोन वेगळी उत्तरे मिळू शकतात.