दोन माणसं, एक गिटार : 'टिअर्स ऑफ जॉय' हा जॅझचा अल्बम आहे का?

मध्यलय

मागच्या रविवारी एका मित्राकडे टक अँड पॅटीचा 'टिअर्स ऑफ जॉय' लावला होता. दोन-तीन गाणी झाली आणि तो म्हणाला, "गोड आहे, पण धड जॅझ नाही आणि धड पॉपही नाही." तासभर वाद झाला, तरी माझं समाधान झालं नाही. म्हणून हा धागा.

ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. टक अँड्रेस आणि पॅटी कॅथकार्ट हे नवरा-बायको. तो गिटार वाजवतो, ती गाते. दोघं भेटले सत्तरच्या दशकाच्या शेवटी, एका बँडच्या निमित्ताने. त्यानंतर सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास क्लबांमधून वर्षानुवर्षं फक्त दोघांनीच कार्यक्रम केले आणि पहिला अल्बम आला थेट १९८८ साली. अल्बमभर तेवढंच आहे : एक आवाज आणि एक गिटार. ड्रम नाही, बास नाही, पियानो नाही.

त्यात 'माय रोमान्स' आहे. रॉजर्स आणि हार्टचं, १९३५ च्या ब्रॉडवे नाटकातलं गाणं. त्याच अल्बमात 'टाइम आफ्टर टाइम'ही आहे, सिंडी लॉपरच्या १९८३ च्या अल्बममधलं. पहिल्याला सगळे बिनदिक्कत जॅझ म्हणतात आणि दुसऱ्याला पॉप. पण १९३५ साली 'माय रोमान्स' काय होतं? तेही त्या काळचं चालतं गाणंच होतं. जॅझवाल्यांनी ते उचललं, घासूनपुसून आपलं केलं. टक आणि पॅटीने तेच पन्नास वर्षांनी नव्या गाण्याशी केलं. मग एकाला सोवळं आणि दुसऱ्याला ओवळं का?

माझं म्हणणं असं की हा मिलाफ जमला तो दोघांनी तिसरा माणूस घेतला नाही म्हणून. ड्रमर आला की तो ठरवतो हे जॅझचं स्विंग आहे की पॉप. ठेकाच गाण्याची जात ठरवतो. तो मोकळा ठेवला म्हणून गाणं दोन्हीकडे राहू शकलं. मला हेच त्यांचं खरं स्वातंत्र्य वाटतं.

खर्ज

असहमत, आणि अगदी मनापासून असहमत.

गाणं कुठून आलं हा माझा मुद्दाच नाही. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने 'टाइम आफ्टर टाइम' १९८५ मध्येच वाजवलं होतं, 'यू आर अंडर अरेस्ट' या अल्बमात, टक-पॅटीच्या तीन वर्षं आधी. तेव्हाही शुद्धतावाद्यांनी नाकं मुरडली, पण त्या ट्रम्पेटमध्ये एक ओरखडा आहे. सूर कुठे तुटेल सांगता येत नाही, म्हणून तुम्ही श्वास धरून ऐकता. इथे मला तो धोका कुठे जाणवतच नाही. सगळं इतकं नीटनेटकं, इतकं प्रेमळ, की तिसऱ्या गाण्यानंतर माझं लक्ष उडतं.

आणि फक्त आवाज आणि गिटार हे काही नवं नाही. जॅझ गायिका एला फिट्झजेराल्ड आणि गिटारवादक जो पास यांनी 'टेक लव्ह ईझी' हा अल्बम १९७३ मध्ये केला. तो ऐका. जो पास मध्येच गप्प बसतो, एलाला उघड्यावर सोडतो, मग दुसऱ्याच दाराने आत येतो. तिथे दोन माणसं बोलताहेत. इथे एक बोलतो आणि दुसरा माना डोलावतो.

मध्यलय, ठेकाच गाण्याची जात ठरवतो हे तुमचं म्हणणं पटलं. पण जात न ठरवणं हा गुण कसा? मला ती पळवाट वाटते.

सहा तारा

गिटार वाजवतो म्हणून फक्त त्याबद्दल लिहितो.

"माना डोलावतो" हे मान्य नाही. मी चार महिने टकच्या साथीतल्या आठ मात्रा बसवतोय. अंगठा जाड तारांवर बास चालवतो. त्याच वेळी बारीक तारांवर बाकीची बोटं सुरावट आणि कॉर्ड काढतात. आणि दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला उजव्या हाताची तारांवर हलकी थाप पडते, ती ड्रमची जागा भरते. हे सगळं एका हातात. डावा हात तबल्यावर आणि उजवा पेटीवर ठेवून पाहा, मग थोडी कल्पना येईल.

त्यात आठ मात्रा थाप नीट बसली की बास अडखळतो. बास सावरला की थाप पुढे पळते. माझ्या अजून एकदाही सलग बत्तीस मात्रा आलेल्या नाहीत. हे ज्याला येतं तो साथीदार नाही, तीन माणसं आहे. म्हणून मध्यलय यांनी "तिसरा माणूस घेतला नाही" म्हटलं तेही मला अर्धंच पटतं. तिसरा आणि चौथा दोन्ही आहेत, फक्त ते एकाच अंगात राहतात.

अवांतर : टकचा १९९० चा एकट्याचा अल्बम 'रेकलेस प्रिसिजन' नक्की ऐका. त्यातल्या एका तुकड्याचं नाव 'मनोनाश' आहे. वेदान्तातला आपला शब्द अमेरिकेतल्या टल्साच्या माणसाच्या गिटारवर दिसला तेव्हा मी दोनदा वाचला.

खर्ज

सहा तारा, हात अवघड आहे यात वादच नाही. पण अवघड असणं आणि ऐकावंसं वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका माणसाने तीन जणांचं काम केलं की त्या तिघांमध्ये भांडण होत नाही. मला ते भांडण हवंय.

वांद्रे पूर्व

मला "स्वातंत्र्य" या शब्दाबद्दल बोलायचंय, कारण तो फार सहज वापरला जातोय.

'टिअर्स ऑफ जॉय' विंडहॅम हिल या रेकॉर्ड कंपनीने काढला. लेबल म्हणायला स्वतंत्र होतं, पण वितरण ए अँड एम या बड्या कंपनीकडे. पुढे १९९५ चा 'लर्निंग हाउ टू फ्लाय' तर एपिक या बड्या लेबलवर आला. स्वतःच्या लेबलवर ते त्यानंतर गेले. तेव्हा १९८८ च्या अल्बमला सरळ स्वतंत्र म्हणणं मला बरोबर वाटत नाही.

स्वतंत्र जोडपं बघायचं तर पॉम्प्लामूस बघा. जॅक कॉन्टे आणि नॅटली डॉन. २००८ पासून घरात रेकॉर्डिंग आणि व्हिडिओ. नियम दोनच : जे दिसतं तेच ऐकू येतं, आणि जे ऐकू येतं ते कधी ना कधी दिसलंच पाहिजे. लेबल नाही. पॉप, जॅझ, फंक, फ्रेंच गाणी, सगळं करतात. २०१४ मध्ये त्यांनी अमेरिकेत २४ कार्यक्रमांचा दौरा केला आणि कॉन्टेने हिशेब जाहीर केला. जमा १,३५,९८३ डॉलर, खर्च १,४७,८०२. म्हणजे ११,८१९ डॉलरचा तोटा, तोही तिकिटं चांगली खपून. साथीदार आणि मदतनीस यांच्या पगार-भत्त्यांवरच ४८,०९४ गेले.

स्वातंत्र्याची किंमत अशी दिसते. भल्या लेबलच्या सावलीत बसून मुक्तपणावर बोलणं सोपं आहे.

मध्यलय

वांद्रे पूर्व, लेबलचे तपशील बरोबर आहेत, मी ते वर लिहायला हवे होते. पण तुमचाच हिशेब माझ्या बाजूने बोलतोय. सगळ्यात मोठा खर्च कशावर? माणसांवर. पॉम्प्लामूसचा आवाज मंचावर उभा करायला आणखी वादक लागले. टक आणि पॅटीला एक गिटार, दोन माइक आणि दोन तिकिटं पुरतात. लेबल कुठलंही असो, "ड्रम घाला" म्हणणाऱ्याला नाही म्हणता येतं ते या जोरावर.

आणि एक सांगायला हवं. कॉन्टे हा पेट्रिऑनचा सहसंस्थापक आहे, २०१३ पासून. चाहत्यांकडून थेट पैसे घेण्याची ती व्यवस्था. तो हिशेब आला तेव्हाही लोकांनी हे बोलून दाखवलं होतं. त्याने तोटा सोसला हे खरंच, पण रस्त्यावरच्या सामान्य जोडप्याशी त्याची तुलना होत नाही.

पहिला पाऊस

इतके प्रतिसाद झाले आणि पॅटीबद्दल कुणी दोन ओळी लिहिल्या नाहीत. टकचा अंगठा, टकची थाप, टकची साथ. वाईट वाटलं.

शीर्षकगीत पॅटीचं आहे. 'टेक्स माय ब्रेथ अवे' आणि 'लव्ह इज द की' ही तिचीच. निर्मितीतही तिचं नाव आहे. तरी नवरा-बायको म्हटलं की आपण पटकन तिला "गाणारी बायको" करून टाकतो. आमच्याकडे बैठकीला एक जोडपं यायचं, ती गायची, तो तबल्यावर. कार्यक्रम संपला की लोक त्याच्याकडे जाऊन म्हणायचे, "वहिनी छान गायल्या हो." तिच्याशी थेट कुणी बोलायचं नाही. ती माइकची वायर गुंडाळत उभी असायची. ती वायर मला अजून दिसते.

खर्ज, तुम्ही धोका नाही म्हणता. माझ्या मते धोका सगळा तिच्याकडे आहे. मागे बास नाही, ड्रम नाही. गायिकेचा सूर जरा हलला तर लपायला जागा नाही, श्वास घेतला तरी ऐकू येतो. मी कोरसमध्ये गाते, वीस जणींच्या आड. त्यामुळे हे फार नीट कळतं. पॅटी शब्द उशिरा सोडते, मात्रा निघून गेल्यावर, आणि तरी समेला बरोबर पोचते. तुम्ही ज्याला प्रेमळपणा म्हणताय तो मला तिचा धीर वाटतो.

कोथरूडकर

मिसळण्याबद्दल आपण मराठी लोकांनी तरी फार सोवळं पाळू नये. संगीतकार सी. रामचंद्र पुणतांब्याचे. त्यांचा 'अलबेला' हा सिनेमा १९५१ चा. त्यातल्या 'दीवाना ये परवाना'मध्ये पडद्यावर जो वाद्यवृंद दिसतो तो गोव्याच्या चिक चॉकलेटचा. हा मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारा ट्रम्पेटवादक, आणि रामचंद्रांचा जवळचा सहकारी. भगवानदादांचा नाच, लॅटिन ठेका, आपली चाल, जॅझचं पितळ म्हणजे ट्रम्पेटसारखी वाद्यं. कुणी विचारलं का तेव्हा, हे नेमकं काय आहे म्हणून?

खर्ज

कोथरूडकर, उदाहरण सुंदर आहे, पण ते माझ्या बाजूचं आहे. त्या गाण्यात पितळ वाजतं तेव्हा ठेका ढकलला जातो, पाय हलतात. गोव्याहून आलेली ती मंडळी रात्री हॉटेलात एक वाजवायची आणि दिवसा स्टुडिओत दुसरं, आणि ती ओढाताण ऐकू येते. टक-पॅटीमध्ये मला ती ओढाताण सापडत नाही.

पहिला पाऊस, तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री पुन्हा लावलं. या वेळी फक्त पॅटीचा आवाज धरला, गिटारकडे मुद्दाम लक्ष दिलं नाही. शब्द उशिरा सोडण्याबद्दल तुम्ही म्हणता ते ऐकू आलं आणि ते विलक्षण आहे. "एक बोलतो, दुसरा माना डोलावतो" हे मागे घेतो, कारण इथे पुढे कोण चाललंय हेच मी चुकीचं ऐकत होतो. ती लय मागे खेचते आणि त्याला सांभाळावं लागतं. अल्बम मात्र मला अजूनही जास्त गोड वाटतो. एला आणि जो पासच्या शेजारी मी ठेवणार नाही.

मध्यलय

ठेवू नका. माझ्याकडे दोन्ही शेजारी आहेत, मला चालतं. पण "मागे खेचते" हे तुमचं निरीक्षण माझ्यापेक्षा अचूक आहे. मित्राला हाच धागा पाठवतोय.

सहा तारा

खर्ज यांचा शेवटचा प्रतिसाद वाचून एक केलं. बायकोला म्हटलं, तू गा, कुठलंही, पण माझ्यासाठी थांबू नकोस. तिने 'टाइम आफ्टर टाइम'च घेतलं आणि तिला हवं तिथे रेंगाळली. मेट्रोनोमच्या टिकटिकीवर चार महिने जे जमत नव्हतं ते तिच्या मागे जाताना आलं. थाप दोन आणि चारला, सलग बत्तीस मात्रा. तेहतिसाव्या मात्रेला बास सुटला.