'बोके'ला मराठीत काय म्हणावं?

रानवाट: लग्नाचे फोटो काढणाऱ्या पोरांसाठी मराठीत चार पानांचं टिपण करतोय, 'बोके'पाशी, म्हणजे फोटोत फोकसबाहेरचा भाग कसा धूसर दिसतो त्या शब्दापाशी, गाडी अडली. 'धूसर पार्श्वभूमी' म्हणावं, तर 'या लेन्सची धूसर पार्श्वभूमी टोचते' असं वाक्य होतं. जपानी शब्द तसाच ठेवला, तर 'या लेन्सचे बोके चांगले नाहीत'. पोरं मांजरं शोधतील.

काळीमाती: 'धूसरता' लिहा न भाऊ. आपला शब्द असताना जपानी कायले?

भिंग: धूसरता किती ते मोजता येतं, बोके म्हणजे ती कशी आहे ते. नवरी २ मीटरवर, माळेचे दिवे पार मागे. ५० मिमी, एफ १.८ ला (एफचा आकडा लहान, तेवढं लेन्सचं भोक मोठं) सेन्सरवर एका दिव्याची चकती साधारण ०.७ मिमीची पडते, ८५ मिमी, एफ १.८ ला २.१ ची. ही धूसरता. आता चकतीच्या आत पाहा. उजेड मधे दाट अन् काठाकडे विरत गेला, तर शेजारच्या चकत्या एकमेकींत मुरतात. भिंगाचं गोलीय विपथन (मधले अन् काठाचे किरण एका जागी न जुळण्याचा दोष) गरजेपेक्षा जास्त दुरुस्त केलं असेल, तर उजेड काठाशी साचतो अन् मागच्या पऱ्हाटीच्या एका काडीच्या दोन दिसतात. धूसर तेवढीच, पण टोचरी.

काळीमाती: मंग 'धुई' म्हणा राजेहो.

भिंग: धुई जवळच्या-दूरच्या सगळ्यावरच उतरते, नवरीवरही.

रानवाट: 'पोत' कसा वाटतो? जमिनीचा असतो, लुगड्याचा असतो. चकतीत कांद्याच्या चकतीसारखी वलयं दिसली, म्हणजे साच्यात दाबून केलेलं असगोल, म्हणजे वक्रता सगळीकडे सारखी नसलेलं, भिंग. तिथं 'पोत खरबरीत' चपखल बसतं.

शुद्धाक्षर: पोत पृष्ठभागाला असतो, इथे पृष्ठभागच नाही. आणि कृपया 'बोकेह' लिहू नका. शेवटचा एच १९९७ मध्ये एका अमेरिकी मासिकानं इंग्रजी वाचकांच्या उच्चारासाठी जोडला. देवनागरीला त्याची गरज नाही.

काळीमाती: मले तर हा 'भोक'चाच भाऊ वाटते. उजेड भोकातूनच येते न!

शुद्धाक्षर: काही संबंध नाही. जपानीत 'बोके' म्हणजे धूसरपणा, म्हातारपणीची भ्रमिष्टताही.

भिंग: भोकाचा, म्हणजे ॲपर्चरचा, आकार मात्र चकतीत उतरतो. भोक लहानमोठं करणारी पाती ५ अन् सरळ असली, की एफ २.८ ला दिवे पंचकोनी. कॅननच्या जुन्या ५० मिमी एफ १.८ ला तसंच होतं, त्याच लेन्सच्या २०१५ च्या 'एसटीएम' आवृत्तीत ७ गोलसर पाती आली. पूर्ण उघड्या ॲपर्चरला कोपऱ्यातल्या चकत्या बदामासारख्या होतात, कारण तिरपे किरण लेन्सच्या नळीत कापले जातात. भोक एक-दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) बंद केलं की बऱ्याच गोल होतात. एफ १.८ ला १/२००० सेकंदाहून वेगवान शटरला चकत्या एका बाजूनं छाटल्यासारख्या दिसल्या, तर लेन्सला बोल लावू नका. कॅमेऱ्यातला इलेक्ट्रॉनिक पहिला पडदा (शटरची सुरुवात पडद्याऐवजी सेन्सरनं करणारी सोय) बंद करून पूर्ण मेकॅनिकल शटर लावा.

रानवाट: हे जसंच्या तसं टिपणात घेतो. फक्त मथळा काय देऊ?

शुद्धाक्षर: त्याआधी 'पऱ्हाटी'चं पाहा. प्रमाण शब्द 'कपाशी'.

काळीमाती: कपाशी हिरवी, शेतात उभी. वेचा संपून वायली, का पऱ्हाटी.

भिंग: आमच्याकडं उभ्या झाडालाही पऱ्हाटीच म्हणतात. 'पऱ्हाटीले पाणी देल्लं का?'

काळीमाती: कोणता तालुका तुमचा?